पन्नास शब्दांचं श्रुतलेखन

नोव्हेंबर १९३४. मेलबर्नच्या बंदरात लागलेल्या ‘स्ट्रॅथेअर्ड’ बोटीवरून एका माणसानं खालच्या धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याचं नाव एगॉन एर्विन किश. प्रागमध्ये जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा, हिटलरचा कडवा विरोधक म्हणून गाजलेला पत्रकार. युद्ध आणि फॅसिझम यांच्या विरोधात भरलेल्या परिषदेत बोलायला तो आला होता आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारला तो आपल्या जमिनीवर नको होता. मोडक्या पायानिशी त्याला परत बोटीवर चढवण्यात आलं. सिडनीत प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याला अडवणारा हुकूम टिकला नाही. तेव्हा सरकारनं भात्यातला हुकमी बाण काढला. किशची भाषेची परीक्षा घ्यायची!

ही परीक्षा १९०१ च्या एका कायद्यात सांगितलेली होती. देशात येऊ पाहणाऱ्या माणसाला अधिकारी एका युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवणार आणि त्यानं तो अधिकाऱ्यासमोर ऐकून लिहायचा. जमलं नाही तर आल्या वाटेनं परत. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. किशला युरोपातल्या अनेक भाषा येत होत्या. म्हणून त्याला उतारा घातला गेला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बोलल्या जाणाऱ्या गेलिक भाषेत. अर्थात तो नापास झाला. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयानं निकाल दिला की कायद्याला अभिप्रेत असलेल्या ‘युरोपीय भाषे’त स्कॉटिश गेलिक बसत नाही, आणि किश सुटला.

किशच्या बाजूनं वकील होते, वर्तमानपत्रं होती. बाकीच्यांच्या नशिबी काय आलं ते आकडे सांगतात. १९०२ आणि १९०३ या दोन वर्षांत ८०५ जणांनी ही परीक्षा दिली आणि ४६ जण पास झाले. १९०४ ते १९०९ या काळात ५५४ जणांपैकी ६. त्यानंतर एकही नाही. कायदा मात्र १९५८ पर्यंत जिवंत राहिला. गोऱ्यांखेरीज कुणाला येऊ द्यायचं नाही, पण कायद्यात तसं लिहायचंही नाही, यासाठी ही युक्ती होती. तिचं मूळ आपल्या लोकांपर्यंत पोचतं. डिसेंबर १८९६ मध्ये मुंबईहून निघालेल्या ‘कुर्लंड’ आणि ‘नादरी’ या बोटी दर्बानला लागल्या. त्यातल्या एकीवर मोहनदास गांधी होते. हिंदी माणसांचा लोंढा येतोय अशी हाकाटी करत गोरा जमाव बंदरावर जमला. पुढच्याच वर्षी दर्बान ज्या वसाहतीत होतं त्या नाताळनं कायदा केला, त्यात येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे अशी अट होती. लंडनच्या वसाहतमंत्र्यांना ही तोड इतकी पसंत पडली की त्यांनी इतर वसाहतींना तिचीच शिफारस केली.

श्रुतलेखन आपल्याला परकं नाही. बाई संथ लयीत उतारा सांगतायत, ‘स्वल्पविराम’ म्हणून थांबतायत आणि वर्गात फक्त पेन्सिलींची खरखर, हे चित्र मराठी शाळेत शिकलेल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे येईल. त्या वर्गातलं श्रुतलेखन आणि सिडनीतलं श्रुतलेखन, कृती म्हणून दोन्ही तंतोतंत सारखी. मग एक परीक्षा आणि दुसरी लबाडी, हा फरक येतो कुठून? परक्या भाषेची परीक्षा कशी बेतावी आणि बेतलेली परीक्षा कशी तपासावी, यावर गेली साठ-सत्तर वर्षं जे संशोधन चाललं आहे, ते या एका प्रश्नाभोवती फिरतं.

एक वही, अठ्ठावीस निकाल

ऑस्ट्रेलियाच्या त्या परीक्षेत एक गुण होता, तो मान्य करायला हवा. तिच्या निकालात कमालीचं सातत्य होतं. कुणीही घ्या, कधीही घ्या, निकाल ठरलेला. प्रामाणिक परीक्षांना हेच सातत्य किती महागात मिळतं, याचा पहिला ठळक पुरावा १८८८ मधला आहे.

फ्रान्सिस एजवर्थ या इंग्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञानं आणि संख्याशास्त्रज्ञानं लॅटिनमध्ये लिहिलेला एक गद्य उतारा २८ जाणत्या परीक्षकांकडून तपासून घेतला. सगळ्यांपुढे एकच लेखन. शंभरपैकी सर्वांत कमी गुण आले ४५ आणि सर्वांत जास्त १००. म्हणजे वही कुणाच्या टेबलावर गेली यावर मुलाचं भवितव्य. बरं, हे परकी भाषा आणि जुना काळ म्हणून घडलं असंही नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. त्यात शिक्षक होते, संपादक होते, वकील होते. प्रत्येकानं निबंधांची नऊ श्रेणींत वाटणी करायची होती. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की त्यांना नऊच्या नऊ श्रेणी कुणी ना कुणी दिलेल्या होत्या!

यावर उपाय सुचतो तो परीक्षकांना बसवून शिकवण्याचा. निकष ठरवा, नमुन्याच्या वह्या दाखवा, चर्चा करा. हे सगळीकडे केलं जातं आणि त्याचा उपयोगही होतो. पण नेमका कसला? संशोधनातून पुढे आलं की प्रशिक्षणानं परीक्षक स्वतःशी सुसंगत होतो. आज एक आणि उद्या दुसरं असं करत नाही. कडक मास्तर मात्र कडकच राहतात आणि सढळ हाताचे सढळच. मग डॅनिश गणिती जॉर्ज राश यानं १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीचा विस्तार झाला आणि प्रत्येक परीक्षकाचा कडकपणा मोजून तेवढी दुरुस्ती गुणांत करता येऊ लागली. घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं असलं तरी चालतं, कारण ते कायम पाचच मिनिटं पुढं असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण होते ती कधी पुढं, कधी मागं पळणाऱ्या घड्याळाची.

या गुणाला आपल्याकडची बी.एड.ची पुस्तकं ‘विश्वसनीयता’ म्हणतात. तिच्या शेजारी दुसरा शब्द येतो, ‘सप्रमाणता’: जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जातंय का? भाकरी तराजूत घातली तर दहा वेळा तेच वजन दाखवेल. पण ती फुगली का, पोटापर्यंत भाजली का, हे तराजू सांगणार नाही. ऑस्ट्रेलियाचा तराजू अचूक होता. तो भाषा मात्र मोजत नव्हता, कातडीचा रंग मोजत होता.

तीन उमेदवार, बारा तास

मग भाषा मोजायची म्हणजे काय मोजायचं? याची उत्तरं काळागणिक बदलत गेली.

१९१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठानं परभाषकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. एकूण बारा तासांची. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, उलट भाषांतर आणि व्याकरण, निबंध, तीन तास साहित्य, दीड तास उच्चारशास्त्र आणि शेवटी तोंडी. त्या तोंडीत अर्धा तास श्रुतलेखन. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले, तिघंही नापास झाले. तरी ती परीक्षा बंद पडली नाही, बदलत बदलत आजवर टिकली. तिच्यामागची समजूत साधी होती: शिकलेल्या इंग्रज माणसाला जे यावं, ते सगळं विचारा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वारं फिरलं. रॉबर्ट लाडो हा स्पॅनिश आईबापांचा मुलगा, स्पेनमध्ये वाढलेला आणि इंग्रजी तरुणपणी शिकलेला. परकी भाषा कुठं अडवते हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं. त्याचं म्हणणं, शिकणारा अडखळतो ते त्याची भाषा आणि नवी भाषा जिथं वेगळ्या होतात तिथं. म्हणून ती ठिकाणं हेरा आणि एकेक सुटं तपासा. मराठी माणसाला इंग्रजीत ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळे काढता येतात का बघा, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच ‘व’. उलट मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ‘चहा’तला च आणि ‘चूक’मधला च वेगळे ऐकू येतात का बघा. १९६१ मध्ये त्याचं भाषापरीक्षांवरचं पुस्तक आलं आणि सुट्या प्रश्नांचं, पर्याय निवडण्याचं युग सुरू झालं. १९६४ पासून अमेरिकन विद्यापीठांत जाऊ पाहणारी मुलं जी ‘टोफेल’ देऊ लागली, ती याच वळणाची.

लाडोनं आपल्या पुस्तकात श्रुतलेखनाला निकालात काढलं होतं. शब्द आयते सांगितलेले, त्यांचा क्रम आयता दिलेला. मग परीक्षा कशाची? तर्क बिनतोड वाटतो. पण १९७१ मध्ये जॉन ऑलर यानं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या परदेशी मुलांच्या चाचणीचे आकडे मांडले तेव्हा उलटंच दिसलं. व्याकरण, शब्दसंपत्ती, निबंध आणि श्रुतलेखन या भागांत एकूण गुणांशी सर्वांत घट्ट जुळणारा भाग श्रुतलेखनाचा होता.

असं का व्हावं? कारण कान म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे. मराठी शिकणाऱ्याला सांगा, ‘तिनं सगळी भांडी घासली आणि ओट्यावर पालथी घातली.’ एका दमात, सहज बोलतो त्या वेगानं. शब्द तोडून सांगितले तर पोपटही लिहील. पण वाक्य कानात मावणार नाही इतकं लांब झालं की मन ते जसंच्या तसं साठवत नाही, अर्थ साठवतं आणि लिहिताना वाक्य नव्यानं बांधतं. ‘भांडी’ हे अनेकवचन आहे आणि क्रियापद त्याच्यामागं जातं हे ज्याच्या अंगी मुरलंय तो ‘घासली’ लिहितो. ज्याच्या अंगी मुरलेलं नाही त्याच्या वहीत ‘घासले’ उमटतं, आणि आपण ऐकलं तेच लिहिलं याची त्याला खात्री असते.

ऑलरचं दुसरं आवडतं साधन म्हणजे गाळलेल्या जागा. विल्सन टेलरनं १९५३ मध्ये उताऱ्याचा सोपेपणा मोजायला ही पद्धत काढली होती: ठरावीक अंतरानं, म्हणजे दर पाचवा किंवा सातवा शब्द पुसायचा आणि वाचणाऱ्यानं तो भरायचा. ऑलरच्या हातात ती भाषेच्या परीक्षेचं साधन झाली. इतकी की भाषेचं ज्ञान ही एकच, अखंड वस्तू आहे आणि ती कुठूनही मोजली तरी तेच उत्तर येतं, असं तो म्हणू लागला. पुढच्या दशकभरात लायल बाकमन, एड्रियन पामर आणि इतरांनी तीच आकडेमोड अधिक कसून केली आणि हे टोकाचं मत पडलं. ऑलरनंही ते मोकळेपणानं मागे घेतलं.

मराठीत गाळलेल्या जागांचा प्रश्न काढून बघितला की पुढची मेख कळते. ‘सकाळी आजीनं अंगण झाडून ____ घातला आणि रांगोळी काढली.’ इथं ‘सडा’ येणार. पण मुंबईत पंधराव्या मजल्यावर वाढलेल्या, उत्तम मराठी बोलणाऱ्या मुलीचा हा प्रश्न चुकू शकतो. तिला मराठी येत नाही म्हणून नव्हे, तिनं अंगणच पाहिलेलं नाही म्हणून. परीक्षा भाषेची, हिशेब झाला राहणीमानाचा.

रिक्षावाल्याची मराठी

आता आपणच एक परीक्षा बेतून बघू. २०१६ मध्ये महाराष्ट्रात रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येण्याची अट घालणारं परिपत्रक निघालं आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. अट असावी की नसावी हा राजकारणाचा आणि कायद्याचा प्रश्न. तो बाजूला ठेवू. समजा, रिक्षावाल्याला कामापुरतं मराठी येतं का, हे खरोखर तपासायचं आहे. कसं तपासणार?

पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देणं सोपं. पण हिंदीभाषक माणूस देवनागरी घडाघडा वाचेल आणि त्याला काही कळलेलं नसेल. उलट सोलापूरचा शाळा सुटलेला मराठी माणूस अडखळेल. म्हणजे ही परीक्षा मराठीची राहत नाही, अक्षरओळखीची होते. बाकमन आणि पामर यांनी १९९६ च्या पुस्तकात सांगितलेली वाट वेगळी आहे. आधी परीक्षा विसरा. तो माणूस भाषा जिथं वापरणार तिथं जाऊन बसा.

तर आठवडाभर रिक्षाच्या मागच्या सीटवर बसायचं आणि ऐकायचं. ‘सिग्नलच्या अलीकडं थांबवा, पलीकडं नको.’ ‘पुढच्या बोळातून आत घ्या, मारुतीच्या देवळापाशी.’ ‘सुट्टे नाहीयेत हो.’ ‘जरा हळू, पोटुशी आहे मुलगी.’ यादी हाती आली की दिसतं, या माणसाला ऐकून समजणं सर्वांत जास्त लागतं, बोलणं बेताचं, वाचणं पाट्यांपुरतं आणि लिहिणं जवळजवळ नाहीच. ‘अलीकडं’ आणि ‘पलीकडं’ यांतला घोळ गिऱ्हाइकाला रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उतरवतो. ‘वर्षाऋतू’वर दहा ओळी न लिहिता आल्यानं कुणाचं काही अडत नाही. मग प्रश्न तसे काढायचे: ध्वनिमुद्रित वाक्य ऐकवा आणि नकाशावर थांबायची जागा दाखवायला सांगा.

पण प्रश्न काढले म्हणजे परीक्षा झाली असं नाही. आधी ते शे-दोनशे माणसांवर चालवून बघायचे. अस्सल मराठी माणसांचाच प्रश्न चुकत असेल तर चूक प्रश्नात आहे. सगळ्यांचा बरोबर येत असेल तर त्यानं काहीच सांगितलं नाही. एकंदरीत हुशार ठरलेल्यांचा चुकतो आणि कच्च्यांचा बरोबर येतो असा प्रश्न तर ताबडतोब काढून टाकायचा. कुठंतरी शब्दांचा फसवा खेळ झालेला असतो. मग आणखी एक चाळणी: सारख्याच तयारीचे दोन गट घेतले, समजा एक बिहारकडचा आणि एक तेलंगणाकडचा, तर एखादा प्रश्न एकाच गटाला जड जातो का? जात असेल तर का, ते शोधायचं. हिंदीशी जुळणारे शब्द एका गटाला फुकटची उडी देत असतील.

शेवटी सगळ्यांत नाजूक काम: पासाची रेघ. शंभरात पस्तीस हा आकडा आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो आभाळातून पडला असावा असं वाटतं. विल्यम अँगॉफच्या नावानं १९७१ पासून ओळखली जाणारी पद्धत वेगळं सुचवते. जाणती माणसं एकत्र बसवा. इथं त्यांत रिक्षावाले हवेत, रोजचे प्रवासी हवेत, वाहतूक पोलीसही. त्यांनी कामापुरतं जेमतेम येणारा माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि दर प्रश्नाला विचारायचं, अशा शंभरातल्या कितींचा हा बरोबर येईल? त्या अंदाजांच्या बेरजेतून रेघ निघते. ती रेघ म्हणजे माणसांनी मिळून केलेला न्याय, निसर्गनियम नव्हे. आणि मोजमापात चूक असतेच, म्हणून रेघेच्या एक गुण खाली आणि एक गुण वर असलेल्या दोघांत बहुधा काही फरक नसतो. मग निर्णय घेणाऱ्यानं ठरवायचं: लायक माणूस बाहेर राहिला तर वाईट, की नालायक आत आला तर? रिक्षात पहिली चूक मोठी. एकाची रोजीरोटी जाते. दुसऱ्या चुकीत गिऱ्हाईक फार तर चार पावलं चालेल.

आभाळात मराठी नव्हे, इंग्रजी

हा हिशेब उलटा होतो अशीही जागा आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं जंबो जेट आणि कझाकस्तानचं इल्यूशिन यांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती; ते त्याहून खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत हे मुख्य कारण ठरलं आणि त्यामागच्या गोष्टींत कझाक चमूच्या कच्च्या इंग्रजीची नोंद झाली.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २००३ मध्ये वैमानिक आणि हवाई नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी हवी. उच्चार, वाक्यरचना, शब्द, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी मोजायचं, आणि सहांपैकी जे सर्वांत कमी ते त्या माणसाची पातळी. सरासरी काढायची नाही. शब्दसंपत्ती दांडगी म्हणून ऐकण्यातली कमतरता माफ होत नाही, कारण ती आभाळातही माफ होत नाही. रेघ कशी ओढावी याचा हा धडाच आहे. परीक्षा मात्र देशोदेशी ज्यानं त्यानं काढल्या. चार्ल्स ऑल्डरसन या ब्रिटिश संशोधकानं त्यांची पाहणी केली, तेव्हा अनेक परीक्षांच्या दर्जाचा पुरेसा पुरावाच समोर आला नाही.

कोरियात ह्येजंग किम आणि कॅथरिन एल्डर यांनी २००९ मध्ये याहून मुळाशी हात घातला. त्यांनी विमान आणि नियंत्रक यांच्यातलं अडखळलेलं संभाषण अनुभवी कोरियन वैमानिक-नियंत्रकांना ऐकवलं. त्यांना दोष एकट्या परभाषकाचा दिसला नाही. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा माणूस ठरलेले शब्द सोडून घरच्यासारखा भराभर बोलू लागतो, तेव्हाही घोटाळा होतो. म्हणजे ज्याला कुणी परीक्षेला बसवत नाही, त्याचीही घ्यायला हवी.

बोलणं दोघांचं असतं ही गोष्ट साध्या तोंडी परीक्षेतही नडते. अ‍ॅनी ब्राउन यांनी २००३ मध्ये ‘आयेल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेची एकच उमेदवार दोन वेगवेगळ्या परीक्षकांशी बोलताना अभ्यासली. एकीनं मोकळे प्रश्न विचारले, तिचं ऐकून पुढचा धागा उचलला. दुसऱ्यानं तुटक विचारलं, मध्ये पोकळ्या सोडल्या. ध्वनिफीत ऐकणाऱ्यांना पहिल्या वेळी ती छान बोलणारी वाटली, दुसऱ्या वेळी घुमी. माणूस एकच, भाषा तीच. तोंडीला जाऊन आलेली मुलं ‘बाहेरचे सर कोण आले होते?’ असं एकमेकांना विचारतात, ते उगाच नाही.

परतणारी लाट

परीक्षा मोजून थांबत नाही. ती वर्गात शिरते. ‘सर, हे पेपरला येणार का?’ हा प्रश्न ज्या शिक्षकानं ऐकला नाही असा शिक्षक महाराष्ट्रात सापडणार नाही. संशोधक या परिणामाला ‘वॉशबॅक’ म्हणतात, किनाऱ्यावर येऊन मागं फिरणारी लाट. त्यावरून एक लाडकी आशा निघते: परीक्षा चांगली करा, शिकवणं आपोआप सुधारेल.

श्रीलंकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस शालान्त परीक्षेतलं इंग्रजी या आशेनं बदललं गेलं. रोजच्या वापरातलं वाचन आणि लेखन आलं. डायन वॉल आणि ऑल्डरसन यांनी वर्गांत जाऊन पाहिलं. शिक्षक काय शिकवतात ते बदललं होतं, परीक्षेजवळ तर फारच. कसं शिकवतात ते मात्र जवळजवळ तसंच राहिलं होतं. नव्या परीक्षेनं नवा विषय दिला. नवी रीत शिकवायला कुणी आलं नव्हतं. इस्रायलमध्ये एलाना शोहामी आणि सहकाऱ्यांनी दोन परीक्षा काही वर्षांच्या अंतरानं तपासल्या. अरबीच्या परीक्षेनं सुरुवातीला वर्ग ढवळून काढले, पुढे तिचा मागमूस उरला नाही. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा प्रभाव वाढतच गेला. समाजात ज्या भाषेला भाव, तिच्याच परीक्षेला दरारा. परीक्षेच्या जोरावर भाषेला मान मिळवून देऊ, असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. दुसऱ्या घरभाषेच्या मुलांना ती विषय म्हणून आली की बोली म्हणून, हे त्यांच्या परीक्षेत काय विचारलं जातं आणि परीक्षेबाहेर काय घडतं, या दोन्हींवर ठरेल.

दावा कुणी सिद्ध करायचा?

१९८९ मध्ये सॅम्युएल मेसिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एका दीर्घ लेखात या सगळ्याला एकत्र बांधलं. परीक्षा सप्रमाण आहे का, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही, असं त्याचं म्हणणं. सप्रमाण असतो किंवा नसतो तो गुणांवरून काढलेला अर्थ आणि त्यावर उभा केलेला निर्णय. म्हणजे गुणपत्रिका हा एक दावा आहे: या कागदावरून या माणसाबद्दल अमुक ठरवणं रास्त आहे. त्या दाव्यासाठी पुरावा लागतो, आणि तो आणायची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्याची. देणाऱ्याची नव्हे.

या उजेडात सिडनीच्या त्या दिवसाकडे पुन्हा बघता येतं. पन्नास शब्दांचं श्रुतलेखन हे वाईट साधन नव्हतं. ऑलरच्या आकड्यांत ते अव्वल ठरलं. गेलिक शिकू पाहणाऱ्याची प्रगती बघायला तोच उतारा उत्तम चालला असता. खोटा होता तो त्यामागचा दावा, की हे लिहिता न येणारा माणूस देशात राहायला नालायक आहे. हा दावा सिद्ध करा, असं सत्तावन्न वर्षांत सरकारला कुणी दरडावून विचारलं नाही. किशच्या न्यायाधीशांनीही विचारलं ते एवढंच, की गेलिक ही युरोपीय भाषा का?

श्रुतलेखन आजही चालू आहे. ‘पीटीई’ या संगणकावरच्या इंग्रजी परीक्षेत शेवटाकडे हेडफोनमधून एकेक वाक्य येतं आणि उमेदवार ते टंकतो. गुण यंत्र देतं. त्या गुणांवर ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा राहायला जाण्याचा व्हिसा अवलंबून असतो, आणि पुण्या-मुंबईतल्या केंद्रांवर त्यासाठी मुलं रांगेत असतात. भाषा आता आधी सांगितलेली असते, वाक्यं शेकडो जणांवर चाचपून घेतलेली असतात, रेघ जाहीर असते. दर्बानच्या धक्क्यापासून इथवर हा मोठाच प्रवास आहे. तरी हेडफोन काढून बाहेर येणाऱ्या मुलीला आपला निकाल विचारण्याइतकाच आणखी एक प्रश्न विचारायचा हक्क आहे: माझ्या या गुणांवरून तुम्ही जे ठरवणार आहात, ते कशाच्या आधारावर?